दोन सेंटिमीटरांचे खोटे

मित्रांनो, माझे असंख्य फोटो काढले गेले आहेत, पण माझा म्हणून काढलेला त्यांत एकही नाही. हजारो वर्षांपूर्वी खडकावर कोरलेल्या एखाद्या जनावराचा फोटो तुम्ही पुस्तकात पाहिला असेल, तर त्याच्या पायाशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी आडवी पडलेली तुम्हाला आठवेल. जनावर केवढे आहे ते कळावे म्हणून ती तिथे ठेवतात. बघणारा जनावराकडे बघतो, मनातल्या मनात 'अबब, केवढे मोठे' म्हणतो आणि पान उलटतो. मोठे आहे हे आपल्याला कोणी सांगितले, याचा विचार काही तो करत नाही. ते सांगणारी मी. मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे.

तुमच्या दप्तरातली फूटपट्टी ही माझी धाकटी चुलत बहीण. तिला तुम्ही तलवार करता, तिने बाकावर ठेका धरता, पाठ खाजवता, आणि तरी ती बिचारी सगळे हसून घेते. माझा स्वभाव तसा नाही. मी फटकळ आहे आणि मानीही आहे. पाच म्हणजे पाच आणि सव्वापाच म्हणजे सव्वापाच. कुणाची भीड धरून कमी सांगितले नाही आणि कुणावर जीव जडला म्हणून जास्त सांगितले नाही. निदान आयुष्याची बरीच वर्षे मला हे ताठ मानेने म्हणता येत होते. पुढे जे झाले तेच आज सांगायचे आहे.

मी मुळात एका खिडकीची चौकट होते. ते घर पाडले तेव्हा चौकट एका सुताराच्या अंगणात येऊन पडली. पन्नासेक वर्षे उन्हापावसात काढलेले ते लाकूड होते. त्याला जेवढे वाकायचे आणि आकसायचे होते तेवढे वाकून आणि आकसून झाले होते. म्हणूनच नकाशेवाल्यांनी ते निवडले. नकाशेवाले म्हणजे जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारे गृहस्थ. सगळे त्यांना नकाशेवालेच म्हणत. रागावली की त्यांची बायकोही तेच म्हणे. त्यांनी सुताराला माझ्यावर तीन वेळा रंधा मारायला लावला. तिसऱ्या वेळी सुतार वैतागून म्हणाला, "अहो, हिच्यावर झोपणार आहात की काय?"

"मोजणार आहे," नकाशेवाले म्हणाले.

मग त्यांनी मला कचेरीतल्या पोलादी टेपशेजारी ठेवले आणि भिंग लावून माझी दोन्ही टोके पाहिली. मी बरोबर एक मीटर होते, केसाइतकाही फरक नव्हता. त्यांनी माझ्यावर दहा पट्टे रंगवले, एक काळा, एक पांढरा, प्रत्येक दहा सेंटिमीटरांचा. रंग वाळेपर्यंत ते माझ्याशेजारी स्टुलावर बसून राहिले होते. एवढ्या कौतुकाने माझ्याकडे त्यानंतर कोणी पाहिले नाही.

आमचे काम सुट्टीच्या दिवशी चाले. गावाबाहेर काळ्या कातळाचा एक उघडा माळ होता. झाड नाही, सावली नाही, नुसता दगड आणि वारा. त्या दगडावर कोणे एके काळी कोणीतरी चित्रे कोरून ठेवली होती. मोजणीवाल्यांनी पुरलेला एक जुना खुणेचा दगड होता, तिथून चित्रांची रांग सुरू होई. आधी एक भलामोठा मासा, मग हात पसरून उभा असलेला एक माणूस, मग शिंगांच्या जनावरांचा कळप. आणि अगदी शेवटी, सगळ्यांपासून दूर, एक जनावर होते ज्याचे काम कोरणाऱ्याने मध्येच सोडले होते. पाठीची रेघ, मान आणि एक कान, बस्स. पाय नाहीत, तोंड नाही. नकाशेवाले त्याला 'अर्धा' म्हणत.

या अर्ध्यावर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता. बाकीची चित्रे घासून गुळगुळीत केलेली होती, पण अर्ध्याच्या रेघेत छिन्नीचा एकेक ठोका सुटा दिसे. कोरणाऱ्याने कुठून सुरुवात केली, हात कुठे थांबवला, पुन्हा कुठे टेकवला, हे सगळे त्या रेघेत वाचता येई. "बाकीची चित्रं त्यानं आपल्याला दाखवली," नकाशेवाले म्हणत, "आणि हे काढताना मात्र त्यानं आपल्याला शेजारी बसवून घेतलंय." ऐकणारे कोणी नसे. मी असे, आणि छत्रीखाली त्यांची छोटी लेक पाण्याची बाटली सांभाळत बसलेली असे.

ते कुंच्याने धूळ झाडत, रेघांत खडू भरत, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरत आणि पालथे पडून एकेक रेघ जशीच्या तशी, त्याच मापाने उतरवून घेत. दिवसभर मी शेजारी पडलेली असे. खडबडीत दगडावर घासून घासून माझी टोके गोल व्हायला लागली, तेव्हा पहिल्यांदा काळजी वाटली ती त्यांनाच. पितळेचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी दोन तुकडे करून आणले, माझ्याइतकेच रुंद आणि एकेक सेंटिमीटर जाड. माझी टोके साफ करून, मापात बसवून, त्यांनी ते तुकडे दोन्हीकडे स्क्रूने पक्के केले.

"हिला बूट घातले," ते लेकीला म्हणाले.

लेकीने विचारले, "मग ती उंच झाली ना?"

"माणसाची उंची कुणी बुटांसकट मोजतं का? बूट सोडून मोजायचं."

लेक तेव्हा सहा वर्षांची होती. ती हसली आणि विसरून गेली. सहा वर्षांच्या मुलीने ते लक्षात ठेवायला हवे होते असे मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून मी टोकापासून टोकापर्यंत एक मीटर दोन सेंटिमीटर होते, आणि ही गोष्ट जगात फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होती. त्यांतल्या एकीला बोलता येत नव्हते.

पुढे नकाशेवाल्यांचे गुडघे गेले. माळावर जाणे थांबले. कचेरीतून निवृत्त झाले, मग बायको गेली, आणि ते एका खोलीच्या घरात राहायला आले. पलंग, टेबल, कपाट आणि कपाटावर चित्रांच्या प्लास्टिक कागदांची भली जाडजूड गुंडाळी. मला त्यांनी दाराच्या मागे उभे केले. तिथे मी अकरा वर्षे होते. या अकरा वर्षांत मी काय मोजले म्हणाल, तर काही नाही. पलंगाखाली गेलेली चप्पल ओढायला मला काढत. एकदा पंख्यावर अडकलेला मोजा काढायला घेतले. ज्या टोकांकडे कोणी भिंगातून पाहिले होते, त्या टोकांनी चपला ओढायच्या, याचे मला फार वाईट वाटे. पण खरे सांगू? चप्पल ओढून झाल्यावर ते मला क्षणभर हातात धरून ठेवत आणि मग परत दाराआड ठेवत. त्या क्षणाची मी वाट बघत असे. आम्ही दोघेही तसे दाराआडच होतो.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिचे काम वडिलांसारखेच होते आणि अजिबात नव्हतेही. जुन्या वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात ती होती. तिथे खडू नाही, कागद नाही. कॅमेऱ्याने शेकडो फोटो काढायचे, असे की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा आला पाहिजे, आणि मग संगणक ते सगळे एकत्र विणून दगडाचे मॉडेल तयार करतो. पडद्यावर तो दगड कसाही फिरवा, जवळ आणा, त्यातला खळगा नि खळगा दिसतो. रेघांत खडू भरायचे नाव काढले तरी तिच्या कपाळाला आठी पडे. वडिलांना ती रोज संध्याकाळी फोन करी. जेवलात का, गोळी घेतली का, मग ठीक. दोन मिनिटांत फोन संपे.

आणि मग त्या माळावरून मोठा रस्ता जाणार असे ठरले. माळ तोडून सपाट करायचा होता. नोंदी करून घ्यायला लेकीच्या कार्यालयाला तीन आठवडे मिळाले. त्यांच्याकडची मापाची पोलादी पट्टी दुसऱ्या कामावर गेली होती आणि महिनाभर परत येणार नव्हती. म्हणून एका सकाळी ती वडिलांच्या खोलीत घाईघाईने आली.

"बाबा, तुमची ती पट्टी आहे ना अजून? मला हवीये. माळावरच्या चित्रांसाठी."

नकाशेवाले असे उठले की गुडघे दुखतात हे ते पार विसरले. त्यांनी मला दाराआडून काढले, पंच्याने पुसले, टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. "घेऊन जा," ते म्हणाले. "पण थांब, हिच्याबद्दल एक सांगायचंय."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. खाली गाडीवाला खोळंबला होता. "बाबा, पट्टीच आहे हो ती. संध्याकाळी फोन करते ना, तेव्हा सांगा," ती म्हणाली आणि मला काखेत मारून जिना उतरली.

संध्याकाळी तिने फोन केला, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मी तिच्या घरी भिंतीला टेकून उभी होते. पण त्या दिवशी डॉक्टरांनी वडिलांना नवीन गोळी दिली होती. ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, यावर दोघे चांगले पाव तास बोलले. मग फोन संपला. माझी आठवण तिलाही झाली नाही आणि त्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी माळावर आडवी झाले. तोच वारा, तोच दगड. किती बरे वाटले म्हणून सांगू. लेक मन लावून काम करत होती, बापाचीच पोर. पण पहिल्याच दिवशी ती संगणकापुढे बसून चरफडली. अकरा वर्षे काळवंडलेले माझे पितळ दगडावर घासून पुन्हा लखलखू लागले होते, आणि ती चमक फोटोंत पडून संगणकाचा गोंधळ उडत होता. जिथे चमक, तिथे त्याला दगड भलताच दिसे. या कामातल्या कोणाही शहाण्या माणसाने केले असते तेच तिने केले. न चमकणारा रंग आणला आणि मला नव्याने रंगवले. पहिला पट्टा काळा होता, त्याच्या टोकाचे पितळही काळे झाले. शेवटचा पांढरा होता, तिकडचे पितळ पांढरे झाले. रेघा सरळ याव्यात म्हणून तिने चिकटपट्टी लावून रंग दिला. काम इतके नेटके झाले की लाकूड कुठे संपते आणि पितळ कुठे सुरू होते ते कुणाच्या बापाला कळले नसते. म्हणजे, तिच्या बापाला सोडून.

पहिला पट्टा आता अकरा सेंटिमीटरांचा होता आणि दुसरा दहाचा. कोणी शेजारी बोट ठेवून पाहिले असते तरी फरक दिसला असता. पण मोजपट्टीला कोण मोजतो? मी तशीच मूग गिळून पडून राहिले. मला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

तीन आठवडे ती रोज सूर्य उगवायच्या आत माळावर यायची. सकाळचे कलते ऊन या चित्रांना फार मानवते. उथळ रेघाही सावलीने भरून उठून दिसतात. अर्धा तर त्या एका तासातच दिसे. ऊन डोक्यावर आले की तो दगडात विरून जाई आणि त्याच्यावरून माणसे बिनदिक्कत चालत जात. त्याचे तिने एकशे चाळीस फोटो काढले. त्या सगळ्यांत मी त्याच्या कानाशी पडलेली आहे.

मग तिने संगणकात माझ्या एका टोकावर खूण केली, दुसऱ्या टोकावर खूण केली, आणि या दोन खुणांमधले अंतर एक मीटर असे लिहिले. संगणकाने तिच्यावर विश्वास ठेवला. तिने माझ्यावर ठेवला होता. त्या एका आकड्याने अख्खा माळ पडद्यावर थोडासा आकसला, मीटरमागे जेमतेम दोन सेंटिमीटर. नजरेला कळण्यासारखे त्यात काहीच नव्हते. शेवटी मॉडेल देखणे दिसावे म्हणून तिने मला त्यातून पुसून टाकले आणि माझ्या जागी दगडाचा रंग भरला. ही या कामाची पद्धतच आहे. पण आपल्याला पुसताना बघणे सोपे नसते, मित्रांनो.

मॉडेल दाखवून तिने रस्त्याच्या इंजिनिअरांची गाठ घेतली. तिला सगळी रांग वाचवायची होती, माशापासून अर्ध्यापर्यंत. इंजिनिअर माणूस वाईट नव्हता, पण कात्रीत सापडलेला होता. पुलाचे खांब आधीच उभे राहिले होते आणि रस्त्याला वळायला जागा उरली नव्हती.

"खुणेच्या दगडापासून शेवटच्या रेघेपर्यंत किती भरतं?" त्यांनी विचारले.

"साठ मीटर."

"मग साडेसाठ देतो. आणि रुंदीला?"

"तीस."

"साडेतीस. त्याच्यापुढे माझा हात चालत नाही, ताई."

तिने पाच मीटर जास्त मागितले, मग दोन, मग एक. ते अर्ध्या मीटरवरून हलेनात. शेवटी तिने मान्य केले, कारण अर्धा मीटर कमी असला तरी त्यात एकही रेघ जात नव्हती. कागदावर सही झाली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. माझा काय पडला ते मलाच माहीत. साठ नव्हे हो, एकसष्ट मीटर वीस. तीस नव्हे, तीस मीटर साठ. मी हे दुसऱ्या कोणापेक्षाही चांगले जाणत होते, आणि त्यांच्या टेबलाला टेकून उभी होते.

रस्त्याच्या माणसांनी स्वतःच्या, खऱ्याखुऱ्या टेपने साडेसाठ मीटर मोजून माळावर पांढरी रेघ मारली. ती भर दुपारी मारली. लेक तेव्हा कार्यालयात बसून अहवाल लिहीत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती मला परत द्यायला वडिलांकडे आली. बरोबर लॅपटॉपही आणला होता. बाबांना मॉडेल दाखवायचे होते. तिने पडद्यावर हात पसरलेला माणूस आणला आणि गोल फिरवून दाखवला. नकाशेवाले चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हा लहान वाटतोय."

"पडद्यावर लहानच दिसणार, बाबा."

"ते खरं. पण केवढा भरतो तो? आकडा सांग."

तिने माप काढले. "एकशे बासष्ट."

"एकशे पासष्ट आहे तो. माझ्याएवढा. मी त्याच्या शेजारी आडवा पडून बघितलंय, टाचेला टाच लावून."

"बाबा, वय झालं की माणूसच आखडतो," ती हसत म्हणाली. तेही हसले. पण उठून त्यांनी कपाटावरच्या गुंडाळीकडे बोट दाखवले. ती स्टुलावर चढली. टेबल सरकवून दोघांनी जमिनीवर तो प्लास्टिकचा कागद पसरला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कपड्यांची मापे घ्यायची टेप ड्रॉवरमध्ये होती, ती तिने त्या माणसाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत लावली. एकशे पासष्ट.

नकाशेवाल्यांनी मला उचलले, माझ्या नव्या रंगावरून अंगठा फिरवला आणि किल्लीने माझे टोक खरवडले. आतून पितळ चमकले.

"कोणी रंगवली ही?"

"मी. चमकत होती म्हणून."

"आणि बुटांसकट मोजलंस?"

तिने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ती त्या कागदावरच खाली बसली आणि बोटांवर हिशेब करू लागली. "साठचे एकसष्ट वीस," ती पुटपुटली. "रेघ साडेसाठवर मारलीये. बाबा, अर्धा रेघेच्या बाहेर आहे."

तिने इंजिनिअरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी घरी आहे, पण मशीन चालू आहे. का, काय झालं?"

"आधी ते थांबवा," एवढे सांगून ती गाडी घेऊन निघाली. नकाशेवाले गुडघ्यांना न विचारता जिना उतरले आणि तिच्या शेजारी बसले. मी मागच्या सीटवर.

माळाच्या टोकाला आता दोन पुरुष खोल खड्डा होता. कडा कशी, तर दोरीत, सुरीने कापल्यासारखी. मशीनवाला उतरून सामोरा आला. चित्रे मोलाची आहेत, जपून काम करा, असे त्याला बजावलेले होते आणि त्याने ते मनावर घेतले होते. "बघा ताई," तो अभिमानाने म्हणाला, "कालच हे टोक संपवलं. रेघेच्या आत एक बोट गेलो नाही."

आणि ते खरे होते. त्या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाने आपले काम डोळ्यांत तेल घालून केले होते. लेकीने, रेघ मारणाऱ्यांनी, या मशीनवाल्याने. खोटी होते ती एकटी मी.

कडेला लेक गुडघ्यांवर बसली. तिथे दगडावर दहा सेंटिमीटरांची रेघ उरली होती, पाठ जिथून सुरू होत होती तेवढी. पुढे दगड नव्हता. मान, कान आणि सुट्या ठोक्यांची ती सगळी ओळ, सत्तर सेंटिमीटर, गेली होती. मशीनवाल्याला काय झाले ते सांगितले, तेव्हा त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात घेतले. "ती खडी कालच रस्त्याखाली पसरून दाबली," तो म्हणाला. तरी तो खाली उतरला आणि उरलेल्या ढिगातले दगड उलटेपालटे करून बघत राहिला. मोठा धिप्पाड माणूस, पण त्याला हाक मारून वर बोलवायचे कोणाला सुचेना.

नकाशेवाले लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते. ते म्हणाले, "त्या दिवशी फोनवर आपण गोळीचंच बोललो."

ती रडली. मीही रडले असते.

इंजिनिअर तासाभरात घरच्या कपड्यांतच येऊन पोचले. रुंदीच्या बाजूचे काम अजून सुरू व्हायचे होते. तिथे माशाची शेपटी रेघेच्या बाहेर दहा सेंटिमीटर आली होती. त्यांनी कोणाला न विचारता स्वतःच्या सहीने ती रेघ एक मीटर मागे घेतली आणि रस्त्याची कड तेवढी अरुंद केली. मासा वाचला. एवढे तरी झाले.

पुढचा भाग मला मुद्दाम सांगायचा आहे. लेकीला सगळे आकडे गुपचूप दुरुस्त करता आले असते. तिचे साहेब तर तिला म्हणालेही, "एक अर्धवट रेघ होती, कोणाला माहीत होती? कशाला बोभाटा करतेस?" पण तिने अहवालाच्या पहिल्या पानावर सगळे लिहिले. पट्टी कोणती होती, रंग कोणी दिला, चूक कशी झाली, काय गेले. अर्धा आता फक्त नकाशेवाल्यांच्या कागदावर आणि संगणकात आहे, तिथेही आता बरोबर मापाचा. त्याच्या रेघेतले ठोके तिने मोजले, एकशे सदतीस भरले. कोणीही पडद्यावर तो बघू शकतो. थोडे लोक बघतातही. पण नकाशेवाले बघत नाहीत. लेकीने दोनदा लॅपटॉप पुढे केला, तेव्हा त्यांनी चष्मा शोधायचे निमित्त केले.

फोन मात्र आता दोन मिनिटांत संपत नाही. आठवड्यातून एक दिवस ती त्यांच्या खोलीत येऊन बसते, एकेक कागद उलगडते आणि विचारत राहते. हे कशाने काढलं, इथे असं का, ही खूण कसली. ते सांगतात, ती लिहून घेते. तिची नवी पोलादी पट्टीही तिने आधी त्यांना दाखवली. मी तिथे नसते. मी आता माळावरच्या पत्र्याच्या खोलीत, कुंचे आणि बादल्यांच्या शेजारी असते. तिथे वारा ऐकू येतो, माणूस फारसा येत नाही. दिवसचे दिवस मी एकटी असते आणि तेच ते गणित करत बसते.

मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असे सांगायला मी हे बोलत नाही. लाकूड काय, आज ना उद्या जायचेच. पण तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, आणि तिची खोड ठाऊक असलेले एखादे माणूसही असेल. वस्तू तुम्हाला काही सांगणार नाही. आम्हाला ते जमत नाही. त्या माणसाजवळ जाऊन बसा. ते सांगायला लागले की मध्ये उठू नका.

शाळेतली मुले माळ बघायला येतात, तेव्हा लेक मला बाहेर काढते. मासा दाखवून झाला, माणूस झाला, कळप झाला, की ती मुलांना खड्ड्याच्या कडेला बांधलेल्या कठड्यापाशी नेते. उरलेली ती रेघ बघून कोणीतरी विचारतेच, "ही कुठे जात होती?"

मग ती खाली वाकते आणि मला त्या रेघेवर ठेवते, बूट सोडून, मापात. माझे पहिले दहा सेंटिमीटर दगडावर टेकतात. बाकीची मी हवेत असते. मी खाली पडू नये म्हणून तिने मला हाताने घट्ट धरलेले असते.